प्रेमाचा तास

प्रेम शिकविता येते काय, हा प्रश्न जुना आहे. इतका जुना की, तो पुन्हा उपस्थित करण्यास काही निमित्त असावे लागते. आम्हांस ते निमित्त गेल्या पौषात, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, पाथर्डी तालुक्यातील एका लहानशा गावी मिळाले. आमचे एक जुने विद्यार्थी त्या बाजूस शिक्षक आहेत. त्यांच्या आग्रहावरून तेथील अंगणवाडीचा एक छोटासा समारंभ पाहावयास आणि मुलांपुढे 'दोन शब्द' बोलावयास आम्ही गेलो होतो. गावाचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. आम्ही तेथे जे पाहिले ते आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ गावी पाहावयास मिळेल.

फळ्यावर रंगीत खडूने लिहिले होते : 'आजचा विषय – प्रेम.' गणिताचा किंवा भूगोलाचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहण्याची आमच्या डोळ्यांस आयुष्यभराची सवय आहे. पण हा शब्द तेथे पाहून आम्ही क्षणभर थबकलो. तासाची आखणी त्रिविध होती. आधी चित्रांचे पुस्तक, मग हस्तव्यवसाय आणि शेवटी खेळ. पुस्तकातील गोष्ट अशी : माकडाच्या पिलाच्या हातून आईचे मडके फुटते. आता आई आपल्याला जवळ करणार नाही, या भीतीने ते झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसते. आई खाली येऊन उभी राहते; रागे भरत नाही, हाकही मारीत नाही, आणि रात्र पडली तरी तेथून हालत नाही. शेवटच्या पानावर पिलू उतरून येते, एवढेच. गोष्ट चांगली होती आणि सेविकाबाईंनी ती सांगितलीही चांगली. पुस्तक मिटल्यावर त्यांनी तांबड्या पतंगी कागदाचे बदाम मुलांकडून कापवून घेतले. प्रत्येकाने आपला बदाम पांढऱ्या कागदावर डकवावा आणि त्याखाली आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसाचे चित्र काढावे, अशी सूचना होती. बहुतेक मुलांनी आई काढली. साडी, कुंकू, दोन वेण्या. सर्वांच्या आया सारख्याच दिसत होत्या, कारण पहिलीचे पाहून दुसरीने आणि दुसरीचे पाहून तिसऱ्याने काढली होती.

एका मुलाचा कागद मात्र कोराच होता. वय पाच वर्षांचे असेल. शेजारी त्याची धाकटी बहीण बसली होती. ती अद्याप अंगणवाडीच्या वयाची नव्हती, पण घरी सांभाळावयास कोणी नसल्यामुळे तो तिला रोज बरोबर आणीत असे. 'तू का रे काही काढले नाहीस?' असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'आई उसाला गेलीय.' आम्हांस त्याची कीव आली, आणि कीव आलेला मनुष्य जे करतो तेच आम्ही केले; म्हणजे घाईने काहीतरी सुचविले. 'मग आजीचे काढ, बाळ.' त्याने आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले आणि तो म्हणाला, 'आजी तर हितंच हाय.'

या दोन वाक्यांवर आम्ही त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. पण त्या वेळी विचार करावयास सवड मिळाली नाही. कारण तेवढ्यात बहिणीचे नाक वाहू लागले, आणि मुलाने इकडेतिकडे न पाहता हातातल्या तांबड्या बदामाने ते स्वच्छ पुसून काढले. सेविकाबाई लगबगीने पुढे झाल्या आणि म्हणाल्या, 'अरे, ते प्रेमाचं हाय ना!' सर्व मुले हसली, आम्हीही हसलो. मुलगा ओशाळला आणि त्याने तो ओला कागद मुठीत दडवून ठेवला. पुढे खेळ झाला, तिळगूळ वाटला गेला, आणि आम्ही आमचे भाषण केले. ते पाव तासाचे होते. घरून लिहून नेले होते. विषय अर्थातच प्रेम हा होता. ज्या मुलाने आमच्या डोळ्यांदेखत त्या विषयाचा सिद्धान्त आणि प्रयोग दोन्ही पुरे केले होते, त्यालाही ते मुकाट्याने ऐकावे लागले. या गोष्टीची आम्हांस लाज वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे ते एक कारण आहे.

प्रेमाचा तास घेऊच नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि तो बलवान आहे. सद्गुण शिकविता येतो काय, असा प्रश्न प्लेटोने आपल्या 'मेनो' या संवादात मांडला; त्याच्या शेवटी सॉक्रेटिस या निर्णयाप्रत येतो की, तो शिक्षकाकडून मिळत नाही, ईश्वरी देणगी म्हणून लाभतो. कांटने 1785 साली नीतिशास्त्राची पायाभरणी करणारा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात स्पष्टच म्हटले आहे की, भावनारूप प्रेमाची आज्ञा करिता येत नाही. आज्ञा करावयाची तर ती हिताच्या कृतीची करावी. रूसोची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. 1762 साली 'एमील' लिहून ज्याने साऱ्या युरोपास बालकांकडे पाहावयास शिकविले, त्याने आपली पाचही अपत्ये पॅरिसच्या अनाथगृहात पाठवून दिली होती. प्रेमाविषयीचे ज्ञान ही एक वस्तू आणि प्रेम ही दुसरी, हे दाखविण्यास याहून निराळा पुरावा नको. तेव्हा हा पक्ष म्हणतो, कागदाचे बदाम कापून काय होणार? मूल कात्री धरावयास शिकेल, फार तर.

या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु संपूर्ण सत्य नाही. ॲरिस्टॉटलने या कोड्याची एक बाजू फार पूर्वी उलगडून दाखविली आहे. वीणा वाजवून मनुष्य वादक होतो, घरे बांधून गवंडी होतो, आणि न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो, असे तो म्हणतो. अंगी गुण आला म्हणजे कृती होते, हे जितके खरे, तितकेच कृती करता करता गुण अंगी बाणतो, हेही खरे. मग हात आणि खेळ यांच्या द्वारे मुलाच्या अंगी प्रेमळपणा येणार नाही, असे एकदम कसे म्हणता येईल? आमच्या मते प्रश्न हात वापरावा की नाही हा नसून, हाताने काय करावयाचे हा आहे.

चित्र, हस्तव्यवसाय आणि खेळ यांची ही सांगड काही आजची नव्हे. तिचा मोठा प्रवर्तक जर्मनीतील फ्रोबेल. 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. पण त्याचे मनाला भिडणारे काम आमच्या मते 1844 साली प्रसिद्ध झालेले त्याचे मातांसाठीचे पुस्तक होय. त्यात प्रत्येक ठिकाणी एक चित्र, एक पद्य आणि हाताबोटांचा एक खेळ अशी जोडणी आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ते पुस्तक मुलाच्या हाती द्यावयाचे नव्हते. मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या हाती द्यावयाचे होते. ज्याची स्वतःची आई तो वर्षाचा होण्यापूर्वीच वारली होती, त्या माणसाने हे पुस्तक केले. त्याने पुस्तकास प्रेमाच्या जागी बसविले नाही; मांडीवरच्या मुलाकडे आणि त्याच्या आईकडे पाहून पुस्तक केले.

आणि अशा पुस्तकावाचून आपल्याकडे काही अडले होते काय? मुलाचा तळहात उघडा धरून त्यावर बोट टेकवीत मोराला बसावयास बोलावणे, त्याला दाणा घालणे, पाणी पाजणे, आणि मग भुर्रकन उडवून देऊन मुलाच्या काखेत गुदगुल्या करणे, हा खेळ ज्या मराठी घरी झाला नाही असे घर विरळा. त्यात प्रेम हा शब्द येत नाही. पण आपला तळहात म्हणजे कोणीतरी येऊन बसावे, खावे, प्यावे अशी जागा आहे, ही गोष्ट मुलाला बोलता येण्यापूर्वीच कळून चुकते. भातुकलीत पाच वर्षांची मुलगी चुरमुऱ्यांचा भात आधी सर्वांना वाढते आणि मग आपण जेवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना बाप लोणी-हळद लावून चोळतो, हे मूल पाहते, आणि दुसऱ्या दिवशी मातीचा बैल करावयास बसते. त्या मातीच्या बैलात आणि पतंगी कागदाच्या बदामात अंतर आहे. बैल करणाऱ्या मुलाच्या मनात एक विवक्षित बैल आहे, त्याचा खांदा आहे, त्यावर फिरणारा बापाचा हात आहे. बदाम हा कोणाचाच नव्हे; तो पत्त्यांच्या डावातून आला आहे आणि सर्वांचा सारखाच असतो.

येथे आम्हांस या विषयातील मुख्य भेद दिसतो. काही कृती दुसऱ्याच्या गरजेकडे तोंड करून असतात. काही पाहणाऱ्याकडे तोंड करून असतात. आजीने जुन्या लुगड्यांचे थर घालून वाकळ शिवली, तर टाक्यांमागून टाके घालीत असता तिच्या मनात नातवाची थंडी असते. ती वाकळ कोणी भिंतीवर टांगून तिची तारीफ केली नाही म्हणून तिची ऊब कमी होत नाही. उलट समारंभात मांडण्यासाठी केलेल्या भेटकार्डाचे सर्व आयुष्य त्या मांडण्यातच संपते. पहिल्या प्रकारच्या हस्तव्यवसायाने मूल दुसऱ्याकडे पाहावयास शिकते. दुसऱ्या प्रकाराने आपण प्रेमळ दिसतो की नाही हे पाहावयास शिकते. आणि ही दुसरी विद्या एकदा साधली म्हणजे पहिली शिकणे अवघड होऊन बसते. मोठ्या माणसांच्या जगात जो शब्दांचा सुकाळ आणि मायेचा दुष्काळ आढळतो, त्याचे बीज अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या कागदांत नसेलच, असे आमच्याने छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

आता त्या मुलाच्या दोन वाक्यांकडे वळू. आई उसाला गेली आहे म्हणून तिचे चित्र काढावयाचे नाही, आणि आजी येथेच आहे म्हणून तिचेही काढावयाचे नाही. प्रथमदर्शनी हा पोरकट तर्क वाटतो. पण तो नीट पाहावा. जी जवळ आहे तिला खुणेची गरज नाही. तिला पाण्याचा तांब्या नेऊन द्यावा, सरपण आणून द्यावे. जी दूर आहे तिच्यापर्यंत ही खूण पोचणार नाही. मग ती कोणासाठी काढावयाची? आमच्यासाठी आणि सेविकाबाईंसाठी. हे त्याने जाणले, असे आम्ही म्हणत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी तत्त्वज्ञान घालण्याचा मोह आम्हांस टाळावयाचा आहे. कदाचित त्याला नुसते रडू येत असेल आणि ते आवरण्यासाठी तो मिळेल ते उत्तर देत असेल. पण तसे असेल तर आमच्या तासाचा दोष अधिकच गंभीर ठरतो. ज्याची आई जवळ आहे त्याने हसत चित्र काढावे आणि ज्याची नाही त्याने कोऱ्या कागदासमोर बसावे, अशी परीक्षा आम्ही प्रेमाच्या नावाने घेतली, आणि वर त्याला आजीचा पर्याय सुचविला. एका माणसाची उणीव दुसऱ्याने भरून निघते, हा हिशेब व्यापारात चालतो. मुलाच्या मनात तो चालत नाही.

प्रेम शाळेत कसे उतरते याची उदाहरणे नाहीत असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये स्टान्स गावी युद्धाने पोरक्या झालेल्या सुमारे ऐंशी मुलांना घेऊन 1799 साली पेस्टालोत्सी राहिला. त्याच्यापाशी पुस्तके नव्हती, सोबतीस एका गृहव्यवस्थापिकेवाचून कोणी नव्हते. मुलांबरोबर जेवणे, त्यांच्याबरोबर निजणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे हाच त्याचा पाठ होता. संस्था काही महिन्यांतच मोडली. पण तेथे जे कळले त्यावर पुढची त्याची सारी शिक्षणपद्धती उभी राहिली. आमच्या नगरासही असा एक दाखला आहे. 1872 साली निघालेल्या 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाशी ज्या टिळक घराण्याचा निकट संबंध होता, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो. परंतु मुलांविषयी लिहिणे आणि मूल घरी ठेवून घेणे यांत जे अंतर आहे, ते त्या घराने ओलांडले होते. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनाने ज्याला 'बालकवी' ही पदवी दिली, तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे नगरास टिळकांच्या घरी घरचा होऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त त्याच्या ज्या आठवणी सांगितल्या आहेत, त्या वाचताना दिसते की तेथे प्रेमावर कोणी प्रवचन करीत नाही. थट्टा होते, रुसवेफुगवे होतात आणि पानावर एक मूल वाढते. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तीही अशीच. त्या आईने श्यामला प्रेम शिकविले. पण शिकविताना ती नेहमी कोणत्यातरी साध्या गोष्टीविषयीच बोलत होती.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे काम हाती घेतले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचार पुढे आला. 1975 पासून देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेतील केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणतो. अंगण हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. अंगणाला घर असावे लागते आणि घरात माणूस असावे लागते. पाथर्डी-शेवगावच्या जिरायत पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कित्येक घरांना कुलुपे लागतात, ती उन्हाळा तोंडावर आला म्हणजे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली नवराबायकोची जोडी ऊसतोडीस जाते, आणि हिशेबात त्या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसे, ज्यांना मुले आहेत, ती भाषेत एका हत्याराएवढी उरतात. ज्या जिल्ह्याच्या उत्तर भागात, प्रवरानगरास, 1950-51 च्या हंगामात सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि ज्याचा आम्हां सर्वांस रास्त अभिमान आहे, त्याच जिल्ह्याची ही दुसरी बाजू होय. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, हे चांगले झाले. पण वसतिगृह ही आई नव्हे, हे सांगावयास तत्त्वज्ञ नको.

त्या दिवशी आम्ही मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवीत होतो आणि गोड बोला म्हणत होतो. घरी परतल्यावर आमच्या मनात आले की, ज्या मुलाला आम्ही गोड बोलावयास सांगितले, त्याची आई त्याच वेळी कोठेतरी फडात मोळी बांधीत असेल; आणि संक्रांतीचा आमचा गोडवा, आमच्या चहातील साखरेसह, तशाच कुणाकुणाच्या कष्टांतून आला असेल. ऋण कोणाचे कोणावर आहे, हे मग उघडच होते. समाजाने मुलापासून सहा महिने आई न्यावी आणि त्या बदल्यात एक तास प्रेमाचा द्यावा, तोही पतंगी कागदाचा, हा सौदा न्याय्य नव्हे. प्रेमाचे शिक्षण द्यावयाचे, तर ते ज्या रचनेमुळे दुर्लभ होते त्या रचनेविषयी मोठ्या माणसांनी विचार करणे, हाही त्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. मुलांचा तास संपला तरी आपला संपत नाही.

तर मग तो तास बंद करावा काय? आमचे मत तसे नाही. सेविकाबाईंचा हेतू निर्मळ होता, आणि त्या बहिणीला नियमाबाहेर रोज बसू देत होत्या, हे त्यांचे प्रेम त्यांच्या फळ्यावर लिहिलेले नव्हते. माकडाच्या पिलाची गोष्ट मुलांनी डोळे विस्फारून ऐकली. मडके फुटले तरी आई खाली उभीच राहते, ही गोष्ट कोणत्याही मुलाने पुन्हा पुन्हा ऐकावी. पुस्तक वाचावे; पण चाळीस मुलांपुढे उंच धरून नव्हे, चार-चार मुले जवळ घेऊन, पान उलटण्याची घाई न करिता. हाताचे काम द्यावे. पण ते कोणाच्या तरी उपयोगी पडणारे असावे आणि शक्य तर त्याच्यापर्यंत पोचावे. आजीच्या वाकळीसाठी चिंध्या निवडाव्यात, मातीचा बैल करावा. आणि चित्रच काढावयाचे असेल तर ते फडाकडे जाणाऱ्या कोणा माणसाच्या हाती खरोखरच आईकडे पाठवावे. तसे झाले असते तर त्या मुलाने कागद कोरा ठेविला असता, असे आम्हांस वाटत नाही. खेळ खेळवावेत, पण 'तू कोणावर प्रेम करतोस' असे विचारणारे नव्हेत, आपली पाळी येईतो थांबावयास आणि पडलेल्याला उठवावयास लावणारे. आणि मुलाने खुणेचा कागद दुसऱ्याचे नाक पुसण्यास वापरला, तर त्यास हसू नये.

या जिल्ह्यातच, नेवाशास, 1290 साली ज्ञानेश्वरी सांगून झाली. आईबापांवाचून वाढलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या त्या तरुणाने ग्रंथ पुरा झाल्यावर जे मागितले त्यात सर्व जीवांचे परस्परांशी मैत्र जडावे, हे एक मागणे होते. ते त्याने शिष्यांना पाठ म्हणून दिले नाही; देवापाशी प्रसाद म्हणून मागितले. सॉक्रेटिसाचा निर्णय आणि हे मागणे येथे एकमेकांजवळ येतात. प्रेम देणगीच असेल. पण देणगी घ्यावयास हात मोकळा असावा लागतो, आणि हात मोकळा ठेवण्याची सवय मात्र लहानपणी लावता येते. बालशिक्षणाचा एवढाच अधिकार आहे, आणि तो लहान नाही.

त्या मुलाने तो ओला कागद शेवटी कोठे टाकला, हे आम्ही पाहिले नाही. निघताना तो बहिणीला कडेवर घेऊन वेशीपाशी उभा होता. ती त्याच्या मानाने बरीच जड होती. आमची गाडी वळेपर्यंत तो तिला या कडेवरून त्या कडेवर घेत होता.